बहुशर्करांचे नॅनोतंतू : व्रणबंधाच्या नव्या वस्त्राची ओळख

व्रणचिकित्सेत औषधाइतकेच महत्त्व बंधाला आहे, हे सुश्रुतसंहितेच्या अभ्यासकांस वेगळे सांगावयास नको. चिकित्सास्थानाच्या आरंभी आचार्यांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात बंधाचे चौदा प्रकार व त्यासाठी लागणारी द्रव्ये दिली आहेत. त्या यादीत क्षौम, कार्पास, आविक, दुकूल, कौशेय अशी निरनिराळी वस्त्रे येतात आणि व्याधी व काल पाहून त्यांतून निवड करावी, असा आदेश आहे. म्हणजे वस्त्र कोणत्या धाग्याचे आहे, हा प्रश्न आचार्यांनी गौण मानलेला नाही.

आज या यादीत एका नव्या वस्त्राची भर पडू पाहत आहे. शेवाळ, कोळंबीचे कवच, कापूस, झाडांचे डिंक यांतील बहुशर्करांपासून काढलेल्या अतिसूक्ष्म तंतूंचे पातळ पट्ट व्रणावर लावण्यासाठी सुचवले जात आहेत. त्यांत हरिद्रा, मण्डूकपर्णी यांसारखी आपली द्रव्ये घालण्याचे प्रयोगही झाले आहेत. ‘नॅनो’ हा शब्द छापलेली पत्रके चिकित्सालयांत आणि औषधनिर्मात्यांच्या कार्यालयांत येऊ लागली आहेत. अशा वेळी हे तंतू कसे तयार होतात, कोणत्या द्रव्याचे सूत निघते, कोणत्याचे निघत नाही आणि आपण नेमकी कशाची चौकशी करावी, हे वैद्यबंधूंना व फार्मसीचालकांना ठाऊक असावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

नॅनोतंतू म्हणजे किती बारीक?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मनुष्याच्या केसाची जाडी साधारण ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. काटेकोर व्याख्येनुसार १०० नॅनोमीटरपेक्षा कमी जाडीच्या धाग्यास नॅनोतंतू म्हणावे. तथापि या क्षेत्रात १,००० नॅनोमीटरपर्यंतच्या धाग्यांनाही तेच नाव देण्याची रीत पडली आहे. पत्रक वाचताना हा फरक ध्यानी ठेवावा.

एवढ्या बारकाईने साधते काय, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. धागा गोल आहे आणि त्याची घनता पाण्याच्या दीडपट आहे, असे धरू. २० मायक्रोमीटर जाडीच्या, म्हणजे कापसासारख्या, एक ग्रॅम धाग्याची लांबी सुमारे २ किलोमीटर भरते व त्याचा पृष्ठभाग ०.१३ चौरस मीटर होतो. त्याच एक ग्रॅम द्रव्याचा १०० नॅनोमीटर जाडीचा धागा काढला, तर लांबी सुमारे ८५ हजार किलोमीटर होते, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या होऊन उरते. आणि पृष्ठभाग २७ चौरस मीटरच्या आसपास जातो. पृष्ठभागाची ही दोनशेपट वाढच या तंतूंच्या गुणांचे मूळ आहे. पट्ट स्राव शोषतो, वाफ बाहेर जाऊ देतो, त्यातील छिद्रे जंतूंपेक्षा लहान ठेवता येतात आणि शरीरातील पेशींभोवतीच्या नैसर्गिक तंतुजालाशी त्याचे रचनेने साम्य असते. मात्र पृष्ठभाग वाढला की द्रव्य लवकर विरघळते व लवकर बाहेरही पडते. हा गुण जसा आहे, तसाच तो दोषही ठरू शकतो.

विद्युत्-कताईची कृती

हे तंतू काढण्याची सर्वांत रूढ पद्धती म्हणजे इलेक्ट्रोस्पिनिंग, आपण तिला विद्युत्-कताई म्हणू. तिचे मूळ एका वैद्याच्या निरीक्षणात आहे, हे वाचकांना रोचक वाटेल. इंग्लंडमधील चिकित्सक विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या चुंबकविषयक ग्रंथात, घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला असता थेंब शंकूसारखा वर ओढला जातो, असे नोंदवले. पुढे १९३४ मध्ये अँटोन फॉर्महाल्स यांना अमेरिकेत विजेच्या साहाय्याने कृत्रिम धागे काढण्याचे पेटंट मिळाले. त्यात वापरलेले द्रव्य सेल्युलोज ॲसिटेट, म्हणजे एका वनस्पतिज बहुशर्करेचेच रूपांतर होते. १९६४ मध्ये सर जेफ्री टेलर यांनी त्या शंकूचे गणित मांडले, म्हणून त्यास टेलर शंकू म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी या पद्धतीस नवसंजीवनी दिली.

कृती अशी आहे. बहुशर्करेचे दाट द्रावण पिचकारीत भरतात. पिचकारीच्या धातूच्या सुईला १० ते ३० हजार व्होल्टचा विद्युद्दाब जोडतात; घरातील वीज २३० व्होल्टची असते, यावरून त्याची कल्पना यावी. समोर १० ते २० सेंटिमीटर अंतरावर भूसंपर्क दिलेला पत्रा किंवा फिरता रूळ असतो. तासाला एखाद्या मिलिलिटरच्या संथ गतीने द्रावण पुढे सरकते. सुईच्या टोकावरील थेंबात विद्युत्भार साठतो व थेंबाचा शंकू होतो. भाराचे परस्पर अपकर्षण द्रावणाच्या पृष्ठताणावर मात करते, त्या क्षणी शंकूच्या टोकातून बारीक धार सुटते. ही धार थोडे अंतर सरळ जाऊन मग चाबकासारखी वेगाने वळवळू लागते. त्या वळवळण्यातच ती शेकडो पटींनी ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि कोरडा धागा रुळावर जाळीसारखा पसरतो.

सोऱ्यातून शेव पाडावी तसे हे काम नाही. सोऱ्यात धाग्याची जाडी छिद्राने ठरते. येथे सुईचे छिद्र अर्धा मिलिमीटर असले, तरी धागा त्याच्या हजारो पटींनी बारीक निघतो, कारण तो ढकलला जात नाही, ओढला जातो.

तंतुमत्त्व कोठून येते?

शार्ङ्गधरसंहितेत अवलेह सिद्ध झाल्याचे एक लक्षण म्हणून तंतुमत्त्व सांगितले आहे, आणि पाकाची तार पाहण्याचा सराव आपणा सर्वांना आहे. परंतु पाकाची तार केवळ दाटपणामुळे येते व थोड्या अंतरावर तुटते. नॅनोतंतूसाठी द्रावण दाट असणे पुरेसे नाही. त्यातील लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असावे लागतात. गुंता नसेल तर धार तुटून फवारा उडतो. गुंता अपुरा असेल तर धाग्यात मणी पडतात. नैसर्गिक बहुशर्करांपैकी बहुतेकांची अडचण येथेच आहे.

पुलुलान ही ऑरिओबॅसिडियम पुलुलान्स या बुरशीपासून मिळणारी बहुशर्करा याबाबतीत सर्वांत सुलभ आहे. तिच्यावर विद्युत्भार नाही, साखळी लवचीक आहे व ती पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे नुसत्या पाण्यातील द्रावणातूनही सूत निघते.

कायटोसान हे त्याच्या उलट टोकाचे द्रव्य. कोळंबी व खेकड्यांच्या कवचांतील क्षार सौम्य आम्लाने व प्रथिने सौम्य अल्कलीने काढली की कायटिन उरते. त्यावर ४० ते ५० टक्के दाहक सोड्याची उष्ण क्रिया केली की कायटोसान मिळते. ते सौम्य आम्लात विरघळते, पण विरघळताच त्याच्या साखळीवर धनभार येतो. भारित साखळ्या एकमेकींना दूर लोटतात, द्रावण फार लवकर घट्ट होते आणि सूत निघत नाही. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल हे तीव्र द्रव्य वापरून कायटोसानचे तंतू काढले. पुढे सुमारे ९० टक्के ॲसिटिक आम्लातूनही ते काढता आले. अधिक प्रचलित उपाय म्हणजे पॉलिइथिलीन ऑक्साइड हे लांब साखळीचे कृत्रिम द्रव्य थोडे मिसळणे. काही प्रयोगांत ते पाच टक्के घातले तरी पुरते, असे दिसून आले आहे.

अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळते. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील सरगॅसम शेवाळ त्यासाठी वापरात आहे. त्यावर ऋणभार असून साखळी ताठ असते. पॉलिइथिलीन ऑक्साइड किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळल्यावर त्याचे सूत चांगले निघते. पाण्याबरोबर ग्लिसरॉल वापरून केवळ अल्जिनेटचे तंतू काढता येतात, हे २००८ मध्ये दाखवले गेले.

सेल्युलोज साध्या द्रावकांत विरघळतच नाही. म्हणून प्रथम सेल्युलोज ॲसिटेटचे तंतू काढून नंतर सौम्य अल्कलीने त्यातील ॲसिटेटचा अंश काढून टाकतात. धाग्याचा आकार कायम राहतो आणि द्रव्य पुन्हा सेल्युलोज होते.

डिंकांविषयी वाचकांना विशेष कुतूहल असेल. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक आपल्या नित्य परिचयाचा आहे. बाभूळकुळातील डिंकाच्या रेणूला चहूबाजूंनी फांद्या फुटलेल्या असतात व तो गुंडाळलेला असतो. म्हणूनच तो भरपूर प्रमाणात विरघळूनही द्रावण फारसे घट्ट होत नाही व सूतही निघत नाही. चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स येथील तंत्रविद्यापीठात बाभूळकुळातील अरबी डिंक, कांडोळाचा डिंक व कोंडागोगू हा सोनसावरीच्या जातीचा डिंक पॉलिव्हिनाइल अल्कोहोलबरोबर मिसळून तंतू काढण्यात आले व ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी कांडोळ व सोनसावर ही आपल्या वनांतील झाडे आहेत, हे लक्षात घ्यावे.

या सर्वांतून एक निष्कर्ष निघतो. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे लिहिलेल्या पट्टात बहुधा एखादे कृत्रिम सहायक द्रव्य असते. ते असणे हा दोष नव्हे. ते न सांगणे हा दोष आहे.

विजेवाचून मिळणारे तंतू

निसर्ग हे तंतू स्वतःही विणतो. सिरक्यावर कधीकधी जी चिवट साय धरते, ती एका जिवाणूने तयार केलेले शुद्ध सेल्युलोज असते, हे ए. जे. ब्राउन यांनी १८८६ मध्ये नोंदवले. आज त्या जिवाणूस कोमागाटाइबॅक्टर झायलिनस म्हणतात. त्याच्या पट्टातील तंतू १०० नॅनोमीटरच्या आत असतात व ओल्या पट्टात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते. फिलिपिन्समध्ये नारळाच्या पाण्यावर हाच पट्ट धरवून खाद्य म्हणून विकतात, आणि सौम्य अल्कलीने धुऊन जिवाणू काढून टाकलेले पट्ट व्रणावर वापरले गेले आहेत. संधानकल्पनेशी परिचय असलेल्या औषधनिर्मात्यास ही प्रक्रिया परकी वाटणार नाही. तथापि आसवाच्या पिंपावर धरलेली साय म्हणजे हा पट्ट नव्हे. त्या सायीत कोणते जंतू आहेत हे अज्ञात असते, ती व्रणावर लावणे सर्वथा वर्ज्य.

दुसरा मार्ग वनस्पतीतील तयार तंतू सोडवून घेण्याचा. १९८३ मध्ये अमेरिकेत लाकडाचा लगदा प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून वारंवार नेऊन त्यातील तंतुकांचे विलगीकरण केल्याचे प्रसिद्ध झाले. टोकियो विद्यापीठातील अकिरा इसोगाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी उत्प्रेरकाने सौम्य ऑक्सिडीकरण करून अवघ्या ३ ते ४ नॅनोमीटर रुंदीचे तंतुक मिळवले. मुंबईत माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज करण्याचा प्रायोगिक संयंत्र-प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला. कापूस व उसाची चिपाडे यांची महाराष्ट्रात वाण नाही. म्हणून हा मार्ग आपल्याकडील उद्योजकांनी अधिक जवळून पाहण्याजोगा आहे.

धागा टिकवणे आणि अवशेष काढणे

पाण्यातून काढलेला धागा पाण्यात पुन्हा विरघळणार, हे उघड आहे. स्रवणाऱ्या व्रणावर असा पट्ट ठेवताच त्याचा चिकट लगदा होईल. म्हणून तंतूंतील साखळ्या एकमेकींस बांधून घ्याव्या लागतात. अल्जिनेटसाठी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण पुरते. कॅल्शियमचे कण दोन साखळ्यांच्या खोबणीत अंड्यांच्या खोक्यातील अंड्यांप्रमाणे बसतात. कायटोसानमधील आम्ल सौम्य क्षाराने शमवतात. इतर ठिकाणी उष्णता, सायट्रिक आम्ल किंवा ग्लुटराल्डिहाइड वापरतात. यांतील शेवटचे द्रव्य स्वस्त व प्रभावी असले तरी पेशींना घातक आहे. त्याचा अवशेष राहिल्यास व्रण भरण्याऐवजी चिघळू शकतो. ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाच्या अवशेषांबाबतही तीच दक्षता हवी. भस्माचे शोधन-मारण अपुरे राहिल्यास जो धोका, त्याच जातीचा हा धोका आहे. मूळ द्रव्य सात्त्विक म्हणून अंतिम कल्प निर्दोष, असे समीकरण आपले शास्त्रही मानत नाही.

औषधाची योजना

बँकॉक येथील संशोधकांनी २००७ मध्ये सेल्युलोज ॲसिटेटच्या तंतूंत हरिद्रेतील करक्युमिन व त्यानंतर मण्डूकपर्णीचा अर्क आणि त्यातील एशियाटिकोसाइड घालून त्यांच्या विसर्जनाचा अभ्यास केला. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तंतूत ते अतिसूक्ष्म स्वरूपात विखुरले गेल्याने बाहेर पडण्यास वाव मिळतो. जात्यादि तैल वा घृतासारखा स्निग्ध कल्प मात्र पाण्यातील द्रावणात मिसळत नाही. त्यासाठी तेलाचे पायस करून, किंवा सुईत सुई बसवून आत स्नेह व बाहेर बहुशर्करा अशी दुहेरी धार काढून तंतू घ्यावे लागतात. तंतूत मावणारी स्नेहाची मात्रा अल्प असते. तेव्हा अशा पट्टाला जात्यादि तैलाच्या पिचूचा पर्याय म्हणण्यापूर्वी मात्रेचा हिशेब मागावा.

वैद्याने काय पाहावे?

या पट्टांची जाहिरात प्रामुख्याने दग्धव्रण व मधुमेहजन्य व्रण यांसाठी होते. नेमके याच ठिकाणी सुश्रुताचार्य सावध करतात. त्याच अठराव्या अध्यायात पित्त, रक्त, अभिघात वा विष यांपासून झालेले, दाह-पाक-रागयुक्त, क्षाराने वा अग्नीने दग्ध, मांस कुथलेले व्रण आणि मधुमेहींच्या पिडका अबंध्य सांगितल्या आहेत. यामागील युक्ती, आमच्या मते, उष्मा व क्लेद कोंडला जाऊ नये ही आहे. वाफ जाऊ देणारा, स्राव शोषणारा पातळ पट्ट हा घट्ट बंधापेक्षा वेगळा आहे, हे खरे. परंतु त्यामुळे आचार्यांचा निषेध आपोआप रद्द होत नाही. स्राव पुष्कळ असता पट्ट भिजून बसला, तर तोही क्लेद कोंडणारच.

म्हणून मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रणात पट्टाचा विचार शेवटी यावा. आधी पायाची नाडी लागते काय, संवेदना किती शिल्लक आहे, रक्तशर्करा कशी आहे, पू वा अस्थिगत संसर्ग आहे काय, हे पाहावे. मृत मांस काढावे, व्रणावरील भार कमी करावा. नाडी लागत नसेल, पाय काळा पडत असेल किंवा ज्वर असेल, तर विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. चांगल्या पट्टाखाली झाकलेला कोथ उघड्या कोथापेक्षा अधिक घातक असतो, कारण तो दिसत नाही आणि तोवर पाय हातचा जातो. नॅनोतंतूंवर प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील काम विपुल आहे. मानवी रुग्णांवरील परीक्षणे त्या मानाने थोडी आहेत, हेही रुग्णास प्रामाणिकपणे सांगावे.

कायटोसान कवचधारी जलचरांपासून येते. शाकाहारी रुग्णास व कोळंबी-खेकड्याची असात्म्यता असणाऱ्यास ही माहिती लावण्यापूर्वीच दिली पाहिजे.

फार्मसीचालकांसाठी

प्रथम उत्पादनाचा हिशेब करावा. ५ टक्के द्रावण तासाला १ मिलिलिटर या गतीने गेले, तर एका सुईतून तासाला ०.०५ ग्रॅम कोरडा धागा मिळतो. १० सेंटिमीटर चौरसाचा, चौरस मीटरला २० ग्रॅम वजनाचा पट्ट ०.२ ग्रॅमचा होतो, म्हणजे एका पट्टास चार तास लागतात. शंभर पट्टांस ४०० तास, रोज आठ तास धरल्यास ५० दिवस! यास्तव अनेक सुया किंवा सुईविरहित फिरत्या रुळाची यंत्रे लागतात; ही दुसरी पद्धती २००० च्या दशकात लिबेरेत्स येथे विकसित झाली. कताईच्या खोलीतील आर्द्रता नियंत्रित ठेवावी लागते. कोकणातील पावसाळी हवेत पाण्यातील द्रावणाचा धागा वाळण्याआधीच चिकटून बसेल. ज्वलनशील द्रावक व उच्च विद्युद्दाब एकत्र असल्याने आगीची दक्षता अनिवार्य आहे.

दुसरा प्रश्न परवान्याचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार आयुर्वेदीय प्रोप्रायटरी औषधात केवळ पहिल्या परिशिष्टातील प्रमाणग्रंथांमधील योगांत आलेली द्रव्येच घटक म्हणून चालतात. कायटोसान वा पॉलिइथिलीन ऑक्साइड त्यांत बसत नाही. व्रणपट्ट ही वस्तू वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ च्या कक्षेत येते आणि हे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. अतिसूक्ष्म स्वरूपातील औषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. तेव्हा आयुर्वेदीय औषधाच्या परवान्यावर असा पट्ट बाजारात आणता येईल, हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये. परवाना प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्यावे.

खरेदी वा निर्मितीपूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत, असे आम्ही सुचवतो :

१. मूळ बहुशर्करा कोणती, कोणत्या स्रोताची, आणि सहायक द्रव्य किती टक्के?
२. द्रावक कोणता होता व त्याचा अवशेष किती उरला?
३. साखळ्या कशाने बांधल्या?
४. तंतूंची सरासरी जाडी व तिचा पल्ला किती, आणि त्याचे सूक्ष्मदर्शकीय छायाचित्र आहे काय?
५. पट्ट निर्जंतुक कसा केला व त्यानंतर औषधांश किती टिकला?
६. पट्ट स्रावात किती काळ अखंड राहतो, की काढताना नवे मांसांकुर ओढून काढतो?
७. मानवी रुग्णांवरील परीक्षण कोणत्या व्रणावर, किती रुग्णांत झाले?

ही उत्तरे देण्यास जो तयार असेल, त्याच्या पट्टाचा विचार अवश्य करावा. जो केवळ ‘नॅनो’ आणि ‘आयुर्वेद’ हे दोन शब्द शेजारी छापून थांबतो, त्याच्यापासून दूर राहावे. त्या दुसऱ्या शब्दावर रुग्णांचा जो विश्वास आहे, तो आपल्या पूर्वसूरींनी मिळवलेला आहे आणि त्याचा हिशेब आपल्यालाच द्यावयाचा आहे.

आचार्यांनी क्षौमापासून कौशेयापर्यंत उपलब्ध सर्व वस्त्रे पाहिली, त्यांचे गुण जाणले व योग्य ठिकाणी योजली. नव्या वस्त्राबाबतही हाच मार्ग आपण अनुसरावा. कच्च्या द्रव्याची पारख, अवशेषांची चौकशी आणि व्रणाची अवस्था या तीन गोष्टी सांभाळल्या, तर शेवाळाचा वा कापसाचा हा अतिसूक्ष्म धागा विकेशिकेच्या जागी एक दिवस सन्मानाने येऊ शकेल, असा आम्हांस विश्वास वाटतो. इत्यलम्.